बचावफळीतली रोशनी

रोशनी नाखलेने तिच्या सगळ्या कारकिर्दीत एकही गोल केला नाही. आमच्याकडच्या लोकांना तिच्याबद्दल एवढीच एक गोष्ट पाठ आहे, आणि ती ते हसत सांगतात. अकरा वर्षं ही मुलगी करारावर सह्या करून फुटबॉल खेळली, चार राज्यांतल्या क्लबांकडून खेळली. वर्धा जिल्ह्यातून तिथवर पोचलेली दुसरी मुलगी मला तरी ठाऊक नाही. पण नालवाडीतल्या किराणा दुकानात तिचं नाव निघालं की गल्ल्यावरचा माणूस म्हणायचा, "हाव, ते फुटबॉलवाली न? एक गोल नाई मारला म्हणते तिनं कधी." तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हापासून मी त्या दुकानात जाणं सोडलं. आता साखर-तेल लांबून आणते. त्यानं त्या दुकानदाराचं काही बिघडलं नाही, पण माझा तेवढा राग निघाला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. धरलेले गुडघे, अर्धांगवायू झालेले हातपाय, स्कूटरवरून पडलेले खांदे, हे माझं रोजचं काम. फुटबॉलशी माझा संबंध आला तो फक्त रोशनीमुळे. तिची मावशी माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत राहते. हंगाम नसेल तेव्हा रोशनी मावशीकडे यायची, कारण धावायला मैदान वर्ध्यात होतं आणि तिचं घर हायवेवरच्या जाम गावात.

दिसायला ती चारचौघींसारखी. बचावात मध्यभागी खेळणारी मुलगी उंच असेल असं लोकांना वाटतं. ही माझ्या कानापर्यंत येते. खांदे मात्र रुंद, आणि डाव्या भुवईत कुणाच्या तरी कोपरानं उघडलेली आणि घाईनं शिवलेली जखम. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे. खाली, कमरेच्या आसपास कुठेतरी बघायची. मला वाटायचं, लाजते. एकदा विचारलं तर म्हणाली, "सवय हाय मॅडम. माणूस डोळ्यानं फसवते, पायानं बी फसवते. कमर नाई फसवत. कमर जिकडं, माणूस तिकडं." त्यानंतर बरेच दिवस तिच्यासमोर उभं राहताना मला माझ्या कमरेची काळजी वाटायची.

जामच्या चौकात तिच्या वडिलांचं चहा-पोह्यांचं दुकान आहे. नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर, सगळीकडच्या गाड्या तिथे थांबतात. दुकानामागे रिकामी जागा होती, तिथे पोरं बॉल खेळायची. त्यांच्यात ही सगळ्यात लहान आणि एकटी मुलगी. तिला खेळात घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं, म्हणून तिला रस्त्याच्या बाजूला उभी करून ठेवली. काम एकच, बॉल हायवेवर जाऊ द्यायचा नाही. पहिल्याच आठवड्यात एक बॉल तिच्या पायाखालून निसटला आणि ट्रकखाली फुटला. पोरांनी तिला महिनाभर बोल लावला. "मंग म्या ठरवलं, आता नाई जाऊ द्याचा," असं ती सांगायची, आणि गोष्ट तिथेच संपवायची. दोनेक वर्षांनी एका शाळेचे खेळाचे सर तिथे चहा प्यायला थांबले. हातातला कप तसाच धरून ते अर्धा तास त्या मुलीकडे बघत राहिले. तिच्या बापाला त्यांनी विचारलं, ही पोरगी कोणाची? पुढचं शिक्षण, जिल्हा, राज्य, हे सगळं त्या एका चहामुळे.

तिच्या पहिल्या मोठ्या यशानंतरचा सत्कार मी डोळ्यांनी पाहिला आहे. तिचा संघ लीग जिंकला होता आणि कुणाला तरी वाटलं की जिल्ह्यातल्या खेळाडूंचा एकत्र सत्कार करावा. सभागृह भरलेलं. पाहुणे एक पदाधिकारी होते. हार घालून झाल्यावर त्यांनी माईकवर लाडानं विचारलं, "हाँ बेटा, किती गोल मारले मग?"

रोशनी म्हणाली, "एकबी नाई सर."

सभागृह हसलं. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, काही हरकत नाही, पुढच्या वर्षी मारशील. रोशनीनं माईक स्वतःकडे ओढला. "सर, पुढच्या वर्षी बी नाई मारणार. माझं काम समोरच्याले मारू न देणं हाय. पूर्ण लीगमध्ये सगळ्यात कमी गोल आमच्यावर झाले." सूत्रसंचालकानं तिच्या हातून माईक काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. तिला साडी दिली आणि सहा काचेच्या पेल्यांचा खोका. तिच्यानंतर स्टेजवर आलेल्या मुलानं कॉलेजांमधली बॅडमिंटन स्पर्धा जिंकली होती. त्याला चांगल्यापैकी रॅकेट मिळाली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो पाहुणे भाषण करतानाचा. रोशनी त्यात होती, कोपरापुरती.

मी चिडले होते. ती नव्हती. साडी तिनं मावशीला दिली आणि पेले माझ्या दवाखान्यात आणून ठेवले, पेशंटले पाणी द्याले म्हणून.

तिचा गुडघा गेला तो पुढच्या वर्षी.

तेव्हा ती दक्षिणेतल्या एका क्लबकडून खेळत होती. उपान्त्य सामन्यात वळताना गुडघ्यात आवाज झाला. "हरभऱ्याचा घाटा फुटते न मॅडम, तसा," तिनं मला सांगितलं. दोन दिवसांनी अंतिम सामना होता. संघासोबत ना डॉक्टर ना फिजिओ, एक माणूस बर्फ आणि स्प्रे घेऊन फिरायचा. क्लबवाल्यांनी बाहेरून कुणाला तरी बोलावून गुडघ्यात इंजेक्शन मारलं, वर घट्ट पट्टा बांधला आणि तिला पूर्ण नव्वद मिनिटं खेळवली. संघ एका गोलनं जिंकला. हंगाम संपला, आणि करारात लिहिल्याप्रमाणे हंगामाबरोबर क्लबची जबाबदारीही संपली. परतीचं तिकीट त्यांनी काढून दिलं ते अर्ध्या बर्थचं. सुजलेला पाय पिशवीवर ठेवून, दुसऱ्या एका प्रवाशाबरोबर सीट वाटून घेत ती दीड दिवस बसून आली. वर्ध्याला उतरली आणि मावशीकडे न जाता ऑटोनं सरळ माझ्या दारात.

मी तिला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला, पोटरी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली. टेबलाचा खण ओढावा तसं हाड पुढे आलं. गुडघ्यातली जी दोरी ते धरून ठेवते ती तुटलेलीच होती. अशा गुडघ्यावर माणसाला जिना चढू देत नाहीत.

मी विचारलं, ह्यावर तुला कुणी खेळू दिलं?

"मी हो म्हणलं."

"म्हणायला कोणी लावलं?"

ती छताकडे बघत म्हणाली, "मी नाई म्हणलं असतं त दुसरी उतरली असती. ते एकोणीस वर्षांची पोरगी. फायनलमध्ये तिथं उभं राहाले तिले जमलं नसतं."

मला तिचाही राग आला. तिच्या ह्या शहाणपणावरच तर ते सगळे जगत होते. त्या क्लबला मी तीन पानी पत्र लिहिलं, तपासणीचे कागद जोडले. उत्तर आलं तीन ओळींचं: दुखापत जुनी असावी, खेळाडूला पुढील वाटचालीस शुभेच्छा. ते पत्र मी अजून ठेवलं आहे. माणसं इतक्या थोड्या शब्दांत किती खोटं बोलू शकतात ते बघायला बरं असतं.

ऑपरेशन झालं आणि पुढचे नऊ महिने ती रोज सकाळी सात वाजता माझ्याकडे यायची. मी शटर वर करायच्या आधी पायरीवर हजर असायची. खरं तर ते दिवस तिच्यासाठी कठीण होते, पण मला ती कळली ती त्याच दिवसांत. व्यायाम ती नोकरीसारखा करायची. दुखलं तर सांगायची, "दुखून राह्यलं," पण थांबायची नाही. मधल्या विश्रांतीत फोनवर सामने बघायची आणि मलाही शेजारी बसवायची. "मॅडम, बॉलकडं नका पाहू. बॉलकडं सगळे पाहतेत. ह्या कोपऱ्यातल्या पोरीकडं पाहा, ते कुठं सरकून राह्यली." सुरुवातीला मला काहीच दिसत नसे. मग हळूहळू दिसायला लागलं, की बॉल नसलेल्या ठिकाणी केवढा खेळ चाललेला असतो.

त्याच वेळी माझ्याकडे वानखेडे काका यायचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. वर्षभर मी त्यांना चालवायचा प्रयत्न करत होते. ते चार पावलं टाकायचे, खाली पायाकडे बघायचे आणि घाबरून बसायचे. एक दिवस रोशनी स्वतःचा व्यायाम सोडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून, नुकत्याच शिवलेल्या गुडघ्यानं, मागे मागे चालायला लागली. "काका, खाली पाहाचं नाई. माझ्याकडं पाहा. पडले त मी हाओ." काका तिला शिव्या द्यायचे. तीही त्यांना तिकीट मागायची. चार महिन्यांत काका फाटकापर्यंत चालत गेले. मी जे वर्षभरात केलं नाही ते तिनं केलं. ह्याचं मला त्या वेळी थोडं वाईटही वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

गुडघा बरा झाला. मी तिच्या फाइलच्या शेवटच्या पानावर लिहिलं, पूर्ण तंदुरुस्त, खेळण्यास हरकत नाही, आणि खाली सही-शिक्का मारला. एक किनारपट्टीवरचा क्लब तिला घ्यायला तयार झाला. दोन हंगामांनी तिथे ती कप्तान झाली.

तिचा सामना प्रत्यक्ष मी एकदाच पाहिला. मावशीला घेऊन गेले होते. तास झाला तरी रोशनीकडे काही घडेना. दुसऱ्या संघाची एक गाजलेली फॉरवर्ड बॉल घेऊन यायची आणि रोशनी तिच्या वाटेत आधीच उभी असायची. मग ती फॉरवर्ड दुसरीकडे वळायची. एवढंच. पूर्ण वेळ रोशनी बाकीच्यांना काहीतरी सांगत होती, हातानं सरकवत होती. मावशी वैतागून म्हणाली, "हे त काहीच नाई करून राह्यली." सामन्यानंतर मी हे रोशनीला सांगितलं तर ती पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, "बरोबर हाय मावशीचं. मी पडून, घसरून बॉल काढला की लोक टाळ्या वाजवतेत. पण टाळी वाजली म्हणजे मले उशीर झालता. आधीच जागेवर असती त घसराचं काम काऊन पडलं असतं?"

आता पुढचं सांगायचं आहे. ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलेलं नाही.

त्या क्लबचा एक व्यवस्थापक होता. प्रवास, मुक्काम, जेवण, सगळं त्याच्या हातात. शिबिरात तो मुलींच्या खोल्यांत दार न वाजवता शिरायचा, वजन तपासायचंय म्हणून. त्यांचे फोन स्वतःकडे ठेवून घ्यायचा. नवीन आलेल्या एका मुलीला त्यानं सरळ सांगितलं की संघात जागा हवी असेल तर माझ्याशी कसं वागायचं ते शिकून घे. ती मुलगी रडत कप्तानाकडे आली. रोशनी आधी त्या माणसाशी तोंडावर बोलली. तो म्हणाला, तू गोल तर करत नाहीस, जीभ बरी चालते. मग तिनं लेखी तक्रार करायचं ठरवलं. सात मुली सही करायला तयार होत्या. सहीच्या दिवशी दोघीच आल्या. बाकीच्यांच्या घरून फोन आले होते, बदनामी होईल म्हणून. त्या दोघींनीही आठवड्यात सही मागे घेतली. ज्या मुलीसाठी हे सगळं झालं, तीही त्यात होती. कागदावर एकच नाव उरलं.

हे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. फोनवर ती असलं सांगत नसे. त्याच आठवड्यात मला त्या क्लबकडून ईमेल आला. भाषा अगदी सभ्य. खेळाडूंच्या विम्यासाठी जुन्या उपचारांचे कागद हवेत, रोशनी नाखले यांच्या पाठवू शकाल का? आणि शेवटी, आपल्या उत्तम कामामुळेच त्या मैदानावर परतू शकल्या, असं एक वाक्य. ते वाक्य मी दोनदा वाचलं. संध्याकाळी तिची सगळी फाइल स्कॅन केली आणि पाठवून दिली.

तिला एक फोन केला नाही.

दोन आठवड्यांनी रोशनी बॅग घेऊन नालवाडीला आली. माझ्या टेबलावर तिनं एक पत्र ठेवलं. वैद्यकीय कागदपत्रांनुसार उजवा गुडघा व्यावसायिक खेळासाठी योग्य नाही, म्हणून करार रद्द. मागे माझ्या अक्षरातली पानं जोडलेली होती, माझा शिक्का असलेली. पहिल्या दिवसापासूनची सगळी, फक्त शेवटचं पान नव्हतं.

"हे त्यांच्याकडं कसं गेलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. विम्याचं सांगितलं, ईमेल दाखवला, त्यांनी फसवलं म्हणाले. बोलता बोलता माझा आवाज चढला. त्या व्यवस्थापकाला, क्लबला, सगळ्यांना मी नावं ठेवली. ती शांतपणे ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही मले विचाराले पाह्यजे होतं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती नेहमीप्रमाणे पायरीवर होती. आत आली, चटई पसरली आणि व्यायामाला लागली. मला वाटलं, हिनं यायला नको होतं. आली नसती तर मला सोपं गेलं असतं.

तिच्या तक्रारीवर चौकशी समिती बसली ती आठ महिन्यांनी. टेबलापलीकडे तीन पुरुष, एक बाई. त्यांनी तिला विचारलं, इतकं वाईट होतं तर तुम्ही इतके हंगाम त्या क्लबमध्ये राहिलात कशा? त्यांनी विचारलं, तुम्हाला संघातून काढलं म्हणून तर ही तक्रार नाही ना? रोशनीनं दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. तक्रारीची तारीख आधीची होती, काढल्याची नंतरची. ते कागद त्या बाईनं वाचले आणि पुढे सरकवले. पुरुषांनी ते नुसतेच पुढे सरकवले. शेवटी निर्णय आला: आरोप सिद्ध होत नाहीत, तथापि संबंधित व्यक्ती वैयक्तिक कारणास्तव पदमुक्त होत आहे. त्या संबंधित व्यक्तीला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिल्याचा फोटो क्लबच्याच इंटरनेटवरच्या पानावर आला. रोशनीला त्यानंतर कुठल्याही क्लबनं बोलावलं नाही. एकानं फोनवर मोकळेपणानं सांगितलं, खेळाबद्दल काही नाही हो, पण तुम्ही जरा भांडखोर आहात असं ऐकलं.

आणि आमचं गाव! मला वाटलं होतं, निदान आपली माणसं तरी तिच्या बाजूनं बोलतील. माझ्या पेशंट बायका मशीनवर पाय ठेवून मला सांगायच्या, "काऊन पडाचं असल्या भानगडीत? पोरीच्या जातीनं सांभाळून राहाव." ह्यातल्या एकीची मुलगी बारावीत आहे, एकीच्या दोन नाती शाळेत जातात. मी मशीन बंद करून त्यांना विचारायची, तुमच्या पोरीच्या खोलीत कुणी शिरलं तर तिनं सांभाळून राहायचं का? त्या पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जायच्या.

रोशनी सध्या एका शाळेत सकाळी मुलींना फुटबॉल शिकवते. पद कंत्राटी, दर जूनमध्ये नव्यानं अर्ज. दुपारी जामला वडिलांच्या दुकानावर बसते. एकदा चंद्रपूरहून येताना मी तिथे थांबले होते. ती गिऱ्हाइकांना पोहे देत होती. वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दुकानावर बसाची लाज नाई मॅडम. मी जिंदगीभर बसलो. पण हे इथं बसली की मले वाटते, इथं बसाले पाह्यजे होते ते लोक तिकडं खुर्चीवर हायेत." मी चहा संपवला.

दोन महिन्यांपूर्वी ती दवाखान्यात आली, व्यायामाच्या वेळेला नव्हे, दुपारी. तो व्यवस्थापक पुन्हा खेळात परतला होता. दुसरं राज्य, दुसरा क्लब, तेच पद. तिथल्या एका मुलीनं कुठून तरी रोशनीचा नंबर मिळवून फोन केला होता. ह्या वेळी त्या पाच जणी होत्या आणि पोलिसांत गेल्या होत्या. आधीही असं झालं होतं हे सांगणारं कुणीतरी त्यांना हवं होतं.

मी म्हणाले, पुन्हा ते सगळं? तुला आता त्यातून काय मिळणार आहे?

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी सरळ डोळ्यांत. "मले काही नाई भेटणार. त्या पोरींले भेटन कदाचित." मग म्हणाली, तुमच्याकडून एक कागद पाहिजे. फाइल क्लबनं कशी मागितली, तुम्ही कशी दिली, शेवटचं पान कोणतं होतं, सगळं लिहून द्या. म्हणजे मला गुडघ्यामुळे काढलं नाही हे दिसेल.

मी हो म्हणाले. पण पेशंटचे कागद त्याला न विचारता दुसऱ्याला देणं ही माझ्या व्यवसायात लहान चूक नाही. हे मी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं तर उद्या माझ्या दवाखान्याच्या पाटीवरही प्रश्न येऊ शकतो. तिला ते माहीत होतं. तिनं आग्रह केला नाही, गाडी कधीची आहे तेवढं सांगून निघून गेली. मी तीन दिवस लिहीत होते. चार कागद फाडले.

पत्र द्यायला स्टेशनवर गेले. ती एकटीच होती. एक बॅग, पाठीवर सॅक, केस घट्ट बांधलेले. तिनं पाकीट उघडलं आणि उभ्या उभ्या पत्र वाचायला लागली. गाडीची सूचना सुरू झाली तरी तिची घाई नव्हती. दुसऱ्या पानावर ती थांबली आणि मला पेन मागितला.

मी लिहिलं होतं: "सदर कागदपत्रे माझ्याकडून अनवधानाने, खेळाडूची परवानगी न घेता पाठवली गेली."

बोट त्या ओळीवर ठेवून ती म्हणाली, "हे 'अनवधानानं' काढा, मॅडम. आणि 'पाठवली गेली' नाई. मी पाठवली, असं लिहा."

मला उत्तर द्यायचं होतं. ते माझ्याकडून फसवून घेतलं गेलं, तुझं भलं होईल असंच वाटलं होतं, हे सगळं तोंडाशी आलं. पण ती वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मी भांडले असते. मी तिच्या बॅगेवर कागद ठेवला, तो शब्द खोडला, वाक्य दुरुस्त केलं. तिनं बाजूच्या जागेकडे बोट केलं. खाडाखोडीजवळ सही लागते, नाहीतर कुणी म्हणेल नंतर केली. मी सही केली.

गाडी आली. तिनं पत्र घडी करून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन दोनदा ओढून पाहिली आणि गर्दीत शिरली. मी खिडकीपाशी गेले तेव्हा ती आपल्या जागेवर बसली होती. समोरच्या माणसानं तिला काहीतरी विचारलं, कुठं चालल्या म्हणून असेल. तिनं काय सांगितलं ते मला काचेतून ऐकू आलं नाही.